लेकीच्या दोन बाटल्या

मी वाशीमच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवतो. बावीस वर्षं हेच काम. दुसऱ्यांनी लिहिलेली अक्षरं एकेक करून ओळीत लावायची, त्यांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी शाईचे हात धुऊन घरी जायचं. स्वतःचं काही लिहायची ही पहिलीच वेळ. आमचे डॉक्टर म्हणाले, "नारायणराव, या दुखण्यावर पुस्तकं आहेत ती आमच्यासाठी. रोग्याला वाचायला काहीच नाही. तुम्ही लिहा." मालकांनी कागद दिला आणि छापून द्यायचंही कबूल केलं, म्हणून बसलो. स्वभावानं मी चिडका आहे. ते लिहिताना लपणार नाही.

सुरुवात एका लग्नपत्रिकेपासून झाली. मालेगावच्या एका दुकानदाराच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिकेचं पहिलं प्रूफ उजेडाकडे धरून वाचत होतो, तर वधूच्या नावावर लाल थेंब. मी भडकलो. यंत्रावर काळी शाई चढलेली असताना लाल डबा उघडला कोणी, म्हणून सगळ्यांना फैलावर घेतलं. तेवढ्यात दुसरा थेंब पडला. करीमभाई आमचे बाइंडर. माझ्या शेजारीच बसून ते वह्या शिवतात. ते उठून जवळ आले आणि माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाले, "शाई नाही नं ते, नारायणभाऊ. नाक पुसा."

नाकातलं रक्त थांबायला अर्धा तास लागला. करीमभाईंनी डोक्यावर पाणी ओतलं, कांदा हुंगायला दिला. ऊन फार आहे, उष्णता झाली असेल, असं सगळे म्हणाले आणि मीही तेच म्हणालो.

पण घरी जाताना मागचं एकेक आठवायला लागलं. महिनाभर कडुनिंबाची काडी चावली की थुंकीत रक्त दिसायचं. धोतराची गाठ बसते तिथे कमरेवर निळा पट्टा उमटला होता. कोपर टेकवून काम करतो, त्या दोन्ही कोपरांना काळे डाग. विहिरीवरून दोन बादल्या आणताना आडात उतरून चढल्यासारखी धाप लागायची. हे सगळं मी पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच्या कागदावरची वेलांटी चुकली तर मला लांबून दिसते. स्वतःच्या अंगावरचं मात्र मी वाचलं नाही.

आंघोळीच्या वेळी माझ्या बायकोनं, शांताच्या आईनं, माझी पाठ पाहिली आणि तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"कोनं मारलं तुमाले?"

"कोनं मारन मले?"

"मंग हे काय व्हय? सारी पाठ काळीनिळी हाय."

मी उलट पाणी गार झालं म्हणून तिच्यावरच डाफरलो.

*

पंधरा दिवस वैद्याचं लोहभस्म घेतलं, गूळ-खारीक खाल्ली. कुणीतरी बकऱ्याच्या काळजाचा रस्सा सांगितला. आमच्या घरात ते चालत नाही, तर शांताच्या आईनं परसात तीन दगड मांडून, नाकाला पदर लावून तोही शिजवला. मी डोळे मिटून प्यालो. काही उपयोग झाला नाही. एके दिवशी जुळवलेल्या चार पानांचा फर्मा उचलून यंत्राकडे नेताना माझे पाय गेले. सगळे खिळे फरशीवर सांडले आणि मी त्यांच्यावर पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा पहिलं हेच मनात आलं की आता चार पानं पुन्हा जुळवावी लागणार.

करीमभाईंनी आणि मालकांच्या गाडीवानानं मला दमणीत घालून गावाबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर साळवे. उंच, सावकाश बोलणारे. त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली, बोटातून रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, छातीच्या हाडात सुई घालून आतलं थोडं काढावं लागेल.

या सुईबद्दल खरं सांगतो, कारण ज्याला ती घ्यायची आहे त्याला कुणी सांगत नाही. टोचताना फारसं दुखत नाही, आधी बधिर करतात. सुई हाडात शिरताना दाबल्यासारखं होतं. आतलं ओढून घेतात तो एक क्षण मात्र वाईट. काळीज कुणी मुठीत धरून खेचतं आहे असं वाटलं आणि मी मोठ्यानं ओरडलो. तो क्षण संपतो. मोजून पाहिलं तर पाच आकडेसुद्धा होत नाहीत. ओरडायचं असलं तर खुशाल ओरडावं.

ते काचेवर पसरून, कापसात गुंडाळून रेल्वेनं नागपूरला गेलं. उत्तर यायला आठ दिवस लागले.

त्या आठ दिवसांत दवाखान्याची सवय झाली. पहाटे झाडलोट, मग तोंडात ताप पाहायची काचेची नळी, मग उकळत्या पातेल्यात सुयांचा खुळखुळाट.  रोगी खाटेवर आणि घरचे व्हरांड्यात, असा तिथला रिवाज. शांताची आई व्हरांड्याच्या टोकाला चूल मांडून ज्वारीच्या कण्या शिजवायची आणि ताकात कालवून आणायची, कारण भाकरी चावली की हिरड्या फुटत. न्हाव्याला माझ्याजवळ यायची मनाई होती, एक ओरखडा महागात पडला असता. दाढी वाढली. करीमभाई रोज संध्याकाळी यायचे आणि म्हणायचे, "आता जुम्म्याले माह्यासंगं चाला, कोनी वळखनार नाही." मी हसायचो. खूप चिडलेलो असलो तरी हसायचो.

*

उत्तर आलं त्या दिवशी डॉक्टर माझ्या खाटेच्या कडेवर बसले. ते कधी बसत नसत. मला तेव्हाच समजलं.

"नारायणराव, तुम्ही हात कशानं धुता?"

मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. पण सांगितलं. पूर्वी आम्ही खिळे आणि हात घासलेटनं धुवायचो. आमचा वऱ्हाड मुंबई राज्यात गेला आणि सगळ्या कचेऱ्यांना नव्या राज्याच्या नावाचे कागद हवे झाले. छपाईची नुसती झुंबड. घासलेट वाळायला वेळ लागतो, म्हणून मालकांनी बेंझिनचे डबे मागवले. फडकं फिरवलं की शाई गायब, आणि हात कोरडे. मला ते फार आवडलं होतं. त्याचा वासही आवडायचा. मागच्या वर्षभरात, आणि पोहरादेवीच्या यात्रेची पत्रकं छापताना तर दिवसातून दहादा, मी त्यात हात बुडवले. खिडक्या बंद असायच्या, कारण रस्त्यावरच्या गाड्यांची धूळ ओल्या छपाईवर बसते. खिडक्या बंद ठेवायचा हुकूम माझाच.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रक्त हाडाच्या आतल्या मगजात तयार होतं. तुमचा मगज जवळजवळ रिकामा झाला आहे. म्हणून भस्म लागू पडलं नाही आणि काळीजही नाही. माल पुरवून काय करणार, कारखानाच बंद आहे."

"मंग मी मरतो का?"

"माहीत नाही," ते म्हणाले. त्यांनी खोटा धीर दिला नाही याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. "रक्तातले दाणे स्वतः वाढत नाहीत. त्यांचं आयुष्य ठरलेलं, तीन-चार महिन्यांचं. मगजात काही मूळ पेशी असतात, त्या या दाण्यांना जन्म देतात. त्या मूळ पेशी थोड्या जरी शिल्लक असल्या तरी पुन्हा सगळं उभं करू शकतात. तुमच्यात शिल्लक आहेत की नाहीत, हे काचेवर दिसत नाही. वाट पाहायची. तोवर तुम्हाला दुसऱ्यांच्या रक्तावर जगवायचं."

मला माझ्या धंद्यातलं सुचलं. खिळे झिजतात, तुटतात, हरवतात. पण ज्या साच्यात ते ओततात तो साचा शाबूत असला तर पाहिजे तितके नवे खिळे पडतात. मी ते सांगितलं. डॉक्टर खूश झाले.

"बरोबर. फक्त हा साचा स्वतःसारखे आणखी साचेही करतो. तुमच्या फाउंड्रीला ते जमायचं नाही."

त्या रात्री झोप लागली नाही हे सांगायला नकोच. पण भीती कशी होती ते सांगतो. मरणाची भीती मोठी असेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात मला हाडांची भीती वाटायला लागली. मी हातानं नडगी दाबायचो, बरगड्या दाबायचो आणि आत काही आहे का याचा कानोसा घ्यायचो. शांताच्या आईनं सकाळी पाहिलं आणि माझा हात धरून बाजूला केला.

"कायले बसले त्या वासात सालभर? मी नाही म्हंत होती का, कपड्यायले वास येते म्हून?" असं म्हणाली आणि मग रडली. खरोखर तिनं म्हटलं होतं. मी तिला सांगितलं होतं की बायकांना छापखान्यातलं काही कळत नाही.

*

रक्त कोण देणार? तेव्हा माझी माणसं मला कळली, आणि मीही त्यांना कळलो असेन.

धाकटा भाऊ गावाहून आला, चार तास खाटेजवळ बसला आणि म्हणाला, "दादा, रक्त देल्लं तं मंग औत कोन धरन?" तो पळपुटा नाही. रक्त एकदा गेलं की भरून येत नाही, माणूस कायमचा खंगतो, असं आमच्या सगळ्या मुलखाला वाटतं. डॉक्टरांनी त्याला समजावलं, तुझा मगज चांगला आहे, महिनाभरात सगळं भरून काढील. तो मान हलवत राहिला. शेवटी बोट पुढे केलं तर त्याचं रक्त माझ्याशी जुळेना. त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली तिचा मला त्या वेळी भयंकर राग आला. आज येत नाही. शांताच्या आईचंही जुळलं नाही. ती दिवसभर गुन्हा केल्यासारखी बसून होती.

जुळलं करीमभाईंचं. ते कुणाला न विचारता सकाळी येऊन बोट टोचून गेले होते.

"इचार करा करीमभाई," मी म्हणालो, "घरी लेकरं हायेत."

"इचार कायचा? बावीस वरसापासून तुमी माह्यं डोस्कं खाऊन राह्यले, आता रगत पेजा." आणि बाही वर करून आडवे झाले.

काचेची बाटली, तांबडी रबरी नळी. कोपराच्या खाली ते थेंब थेंब आत जाताना पहिल्यांदा थंडी वाजते आणि मग एकदम कानात ऊब आल्यासारखं होतं. दुपारी मला भूक लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी काहीतरी मागितलं, मिरचीचा ठेचा मागितला. तो मिळाला नाही, पण मागितला याचाच सगळ्यांना आनंद झाला.

बाटलीचा जोर दोन-अडीच आठवडे टिकला. मग पुन्हा नखं पांढरी, पुन्हा नाक. करीमभाईंकडून इतक्यात दुसऱ्यांदा घेता येत नव्हतं. छापखान्यातल्या तिघांनी बोटं टोचून घेतली, एकाचंही जुळलं नाही. डॉक्टरांनी शांताच्या आईला बाजूला बोलावून विचारलं, तुमचं लेकरूबाळ कोणी नाही का?

*

शांता आमची एकुलती एक. तिला इंझोरीला दिली त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. शेतीवाडीचं घर, माणसं चांगली. तिला मूल नव्हतं.

आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या सासरी अन्न तर सोडाच, पाणीही घेत नाहीत. एकदा कन्यादान केलं की दिलं ते दिलं. पुष्कळ जण यातून पळवाटा काढतात. मी काढली नाही. चार वर्षांत पाच-सहा वेळा इंझोरीला गेलो, दर वेळी घरून पाण्याचा तांब्या नेला, ओट्यावर बसून त्यातलंच पाणी प्यालो आणि उन्हं कलायच्या आत परत निघालो. याचा मला अभिमान होता. चारचौघांत सांगायचो.

शांताच्या आईनं मला न विचारता करीमभाईंना मोटारनं धाडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शांता जावयाबरोबर माझ्या खाटेपाशी उभी. तिनं मला त्या दाढीत ओळखलं आणि तोंडावर हात धरला. मी काही बोलायच्या आत ती बोट टोचून घ्यायला गेली. तासाभरात डॉक्टर हसत आले. जुळलं होतं.

मी म्हणालो, "नाही."

"बाबा, नाही घेतलं तं मरान तुमी."

"मरन तं मरन. लेकीच्या घरचं पानी पेलो नाही, आता तिचं रगत घेऊ काय? देल्लं ते देल्लं. दान केलेलं परत घेत नसतात."

शांता लहानपणापासून गरीब. मला उलटून बोललेली आठवत नाही. ती खाटेची दांडी धरून बोलली.

"मी भांडं हाय का बाबा, देल्लेलं?"

"तसं नाही म्हंत मी."

"मंग कसं म्हंता? चार साल झाले, तुमी माह्या दारात येऊन बसता अन् तांब्या घरून आनता. सारी आळी पाह्यते. तुमी गेल्यावर बाया मले काय म्हंतात मालूम हाय? म्हंतात, पाहा, बापानं अजून पानी नाही पेलं, म्हंजे अजून काही नाही. लोक इसरून जाते कदी कदी. तुमचा तांब्या आला का पुन्हा याद येते त्यायले."

दारातला जावई खाली मान घालून उभा होता. शांताची आई भिंतीकडे पाहत होती, म्हणजे तिला हे ठाऊक होतं. साऱ्या घरात एकट्या मलाच ठाऊक नव्हतं. मी चार वर्षं लेकीच्या दारात बसून तिच्या रिकाम्या कुशीची दवंडी पिटत होतो आणि वर त्याचा अभिमान बाळगत होतो.

त्या क्षणी मी तिची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. इथे लिहायचं तर खरं लिहितो. डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "नारायणराव, घेतलेलं रक्त टिकत नसतं. तिच्यातले दाणे तुमच्यात तीन-चार महिने जगतील आणि मरतील. तुमचा मगज सुरू झाला तर त्यानंतर तिचा कणही उरणार नाही. उसनं घेतलं समजा." आणि मी त्या एका शब्दाला चिकटलो. "नक्की नाही उरनार?" मी विचारलं. "नक्की," ते म्हणाले. "मंग घेतो." मी एखादा सौदा पक्का करावा तसं म्हणालो. शांता माझ्याकडे पाहत होती. तिनं मान वळवली आणि शेजारच्या खाटेवर जाऊन आडवी झाली.

बाटली भरली, टांगली, नळी माझ्या हाताला लागली. शांताचा चेहरा पिवळा पडला होता. तिनं डोळे मिटले होते. तिच्या उशाशी सासरहून आणलेला पितळी तांब्या होता, त्यावर सासऱ्याचं नाव कोरलेलं. मी ते नाव वाचलं. अक्षरं वाकडी कोरली होती, तेही दिसलं. मग कुणी चुना टाकावा तसे माझे डोळे चुरचुरायला लागले.

"शांता," मी म्हणालो, "तुह्या तांब्यातलं पानी दे मले."

तिनं डोळे उघडले. उठायला निघाली तर सिस्टरनं तिला दाबून निजवलं. जावयानं तांब्या उचलला, पण तिनं त्याच्या हातून घेतला आणि आडव्या आडव्याच माझ्याकडे हात लांब केला. दोन खाटांमध्ये थोडं अंतर होतं, मला नळीमुळे वळता येईना. शेवटी शांताच्या आईनं दोघांच्या मध्ये उभं राहून तो पुढे केला. मी सगळा तांब्या प्यालो. इंझोरीच्या विहिरीचं पाणी जरा मचूळ आहे.  

*

त्यानंतर नळीशी आणि बाटलीशी माझी दोस्ती झाली. लेकीनं दिलं हे ऐकून आमच्या गल्लीतल्या दोघांना लाज वाटली, त्यांतल्या एकाचं जुळलं. करीमभाईंनी पुन्हा दिलं. आषाढात शांता दुसऱ्यांदा आली आणि दुसरी बाटली देऊन गेली. प्रत्येक बाटलीनंतर डॉक्टर वाट पाहायचे की या वेळी रंग किती दिवस टिकतो.

वाट पाहणं हेच खरं दुखणं आहे. पहिल्या महिन्यात मी रोज विचारायचो, काही सुरू झालं का? डॉक्टर नाही म्हणायचे. मग मी विचारणं सोडलं. रोग्याला माझं सांगणं एवढंच आहे की विचारणं सोडलं म्हणजे आशा सोडली असं होत नाही. शिवाय घरच्यांवर चिडू नये. मी चिडलो. शांताच्या आईनं आणलेल्या कण्या एकदा मी ढकलून दिल्या. तिनं सांडलेलं गोळा केलं आणि शांतपणे दुसरं ताट आणलं. त्या दिवसाची मला अजून शरम वाटते.

श्रावण संपताना एका सकाळी डॉक्टर मला धरून त्यांच्या टेबलापाशी घेऊन गेले. दुर्बिणीसारख्या यंत्रात डोळा लावायला सांगितला. "हे तुमचं कालचं रक्त. निळसर झाक असलेले थोडे मोठे दाणे दिसतात?"

बारीक पाहायची माझ्या डोळ्यांना सवय आहे. पाहिले. पुष्कळ तांबूस दाण्यांत एक निळसर, मग दूरवर आणखी एक, मग कडेला दोन.

"हे कोवळे आहेत. हे कुणाच्या बाटलीतले नाहीत, बाटलीतले आतापर्यंत म्हातारे झाले. हे तुमच्या हाडातून कालपरवा निघालेत."

माझा डोळा हलेना. डॉक्टरांनी दोनदा खांद्याला हात लावला. मूळ पेशी शिल्लक होत्या. किती, ते कुणालाच माहीत नव्हतं, पण त्या महिनोन्‌महिने आत गुपचूप काम करत होत्या आणि मी वरून नडगी दाबून काही ऐकू येतं का ते पाहत होतो. मी बाहेर आलो आणि चुलीपाशी वाकलेल्या शांताच्या आईला सांगितलं, "सुरू झालं." तिनं हातातलं पीठ तसंच कपाळाला लावून नमस्कार केला. तिच्या कपाळावर पिठाचे डाग उमटले आणि ते दिवसभर कुणी पुसले नाहीत.

*

दसऱ्याला घरी आलो. दिवाळीनंतर छापखान्यात अर्धा दिवस बसायला लागलो. खिडक्या उघड्या असतात आणि बेंझिनचे डबे मालकांनी काढून टाकले आहेत. हात घासलेटनं धुतो, नखांत शाई राहते. छापखान्यातल्या कुणी हे वाचत असेल तर त्यानं एवढं तरी करावं.

शेवटची तपासणी माघात झाली. शांता संक्रांतीला माहेरी आली होती ती थांबली होती, माझ्याबरोबर दवाखान्यात आली आणि बाहेर बाकावर बसली. आत डॉक्टरांनी आकडे पाहिले, डोळा लावून काच पाहिली आणि खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "संपलं, नारायणराव. शेवटच्या बाटलीला पाच महिने झाले. आता हे सगळं रक्त तुमचं. दुसऱ्या कुणाचा एक कणही नाही. तुमची अट पुरी झाली."

त्यांच्या लक्षात होती ती अट. ते चांगल्या मनानंच म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता आणि जीव वाचल्याचा झालाही. पण आषाढातली ती बाटली, माझ्या लेकीनं पिवळ्या चेहऱ्यानं भरून दिलेली, ती माझ्यातून केव्हा गेली ते मला कळलंही नव्हतं.

"डॉक्टर, थोडंही नाही राहत का?" मी विचारलं.

ते हसले. "राहत नाही. मूळ पेशी तुमच्याच."

बाहेर आलो. शांता उठून उभी राहिली.

"काय म्हंतात, बाबा?"

बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या लिहिण्यातली खोटी अक्षरं वेचून काढली आहेत. एक काना इकडचा तिकडे झालेला मला चालत नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणालो, "बरा झालो म्हंतात. अन् तुह्यं रगत हाय म्हंतात माह्यात. ते जात नाही म्हंतात."

ती पदराचं टोक दातात धरून माझ्या पुढे चालायला लागली आणि फाटकापाशी पोचेपर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही.

शांता वाचते, मीच शिकवलं आहे. हे छापून झालं की पहिली प्रत इंझोरीला जाईल आणि मी तिच्याशी खोटं बोललो हे तिला कळेल. कळू दे.